रिकामा रकाना खोडू नका : चित्रपटाची कथारचना उलगडण्याची एक घरगुती रीत

थिएटरातून बाहेर पडलेल्या माणसाला नागपुरात कोणीतरी विचारतंच, "काय स्टोरी आहे बे?" आणि तो तर्री-पोह्याची प्लेट हातात धरून सुरू होतो, "एक पोट्टा राहते. गरीब राहते. त्याचं पाटलाच्या पोट्टीवर मन बसते. मंग ते दोघं पळून जातात..." तीन तासांचा पिक्चर पोहे संपायच्या आत संपतो.

या माणसाने नकळत बरंच काम केलेलं असतं. घटना काळाच्या क्रमाने लावल्या, गाणी गाळली, आणि जे पडद्यावर दिसलंच नाही पण घडलं असणार, ते पदरचं घातलं. त्याने सांगितली ती गोष्ट. आपण तीन तास बसून पाहिली ती मांडणी. रशियातल्या रूपवादी समीक्षकांनी १९२०च्या दशकात या दोहोंना 'फाबुला' आणि 'सुझेत' अशी नावं दिली, आणि कथनमीमांसेचा, म्हणजे गोष्ट कशी सांगतात याच्या अभ्यासाचा, बराचसा संसार अजूनही याच फरकावर चालतो. कथारचनेचं विश्लेषण करायचं म्हणजे या दोहोंत किती अंतर पडलंय ते शोधायचं, आणि ते का पाडलं असेल याचा अंदाज बांधायचा.

आमच्याकडे रविवारी दुपारी पाच-सात कॉलेजची मुलं जमतात, एक पिक्चर बघतात आणि संध्याकाळपर्यंत भांडतात. खाली दिलेली रीत त्या भांडणांतून तयार झाली आहे. उदाहरणासाठी नागराज मंजुळे यांचा 'सैराट' (२०१६) घेतलाय, कारण तो न पाहिलेला मराठी माणूस शोधून आणावा लागेल. अर्ची आणि परश्या हे त्यातले प्रेमी, प्रिन्स हा अर्चीचा भाऊ. शेवटाची चर्चा होणार आहे. तुम्हीच तो माणूस असाल तर आधी पिक्चर बघून या.

साचे आधी काढू नका

पटकथेवरचं काहीही वाचायला घ्या, पहिल्या पानावर तीन अंकांचा साचा भेटतो : ओळख, संघर्ष, निकाल. सिड फील्ड यांच्या १९७९ सालच्या पुस्तकामुळे तो जगभर पोचला. लिहिणाऱ्याला तो उपयोगी असेलही. बघणाऱ्याने त्यापासून सुरुवात केली की घात होतो, कारण ज्याला सुरुवात आणि शेवट आहे त्याला मध्य असतोच. तुम्ही तीन अंक शोधाल, ते सापडतील, आणि सापडले म्हणून तुम्ही खूश व्हाल. चित्रपटाबद्दल मात्र काहीच कळलेलं नसेल. साच्यांची पेटी शेवटी उघडायची. आधी वही.

पहिली पायरी : बघा, आणि दहा ओळी लिहा

पहिल्यांदा बघताना हातात पेन नको. पिक्चर संपल्यावर अर्ध्या तासाच्या आत, कोणाशीही न बोलता, दहा ओळींत गोष्ट लिहून काढा. चुकली तरी चालेल, उलट चुकलेलीच हवी आहे. कागदावर तारीख टाका आणि तो वहीच्या मागच्या कव्हरात ठेवून द्या. त्याचं काम अगदी शेवटी आहे. बहुतेक मुलं याच पायरीला टंगळमंगळ करतात आणि मग पस्तावतात.

दुसरी पायरी : प्रसंगवही

आता दुसऱ्यांदा, थांबवत थांबवत. शंभर पानी आडवी वही घ्या किंवा संगणकावर तक्ता करा. सहा रकाने आखा : प्रसंगाचा क्रमांक, किती मिनिटाला सुरू झाला, कुठे आणि कधी, काय घडलं, नवीन काय कळलं, आणि ते कोणाकोणाला कळलं. जागा, काळ किंवा कृती यांपैकी एक जरी बदललं तरी नवा प्रसंग धरा. गाणं कितीही ठिकाणी फिरलं तरी एकच प्रसंग. 'सैराट' १७४ मिनिटांचा आहे. अशा चित्रपटाची वही करायला मला दोन सुट्ट्या लागतात. ज्यांना एका बैठकीत जमतं त्यांच्या वहीचे शेवटचे दोन रकाने सहसा कोरे निघतात.

चौथ्या रकान्यात डोळ्यांना दिसलं आणि कानांना ऐकू आलं तेवढंच लिहा. 'प्रिन्स माजोरडा आहे' ही नोंद झाली नाही, तो तुमचा निकाल झाला. 'वर्गात प्रिन्स फोनवर बोलतोय, लोखंडे सर टोकतात, प्रिन्स सरांच्या कानाखाली मारतो' ही नोंद. निकाल द्यायला पुढे भरपूर जागा आहे.

पाचवा आणि सहावा रकाना हा या सगळ्या खटाटोपाचा जीव आहे. आपल्याला काहीतरी कळतं, पण पात्राला कळत नाही. पात्राला माहीत असतं, आपल्याला नसतं. ही देवाणघेवाण प्रसंगागणिक नोंदवली नाही तर पुढची चौथी पायरी चढताच येत नाही.

तिसरी पायरी : काळ मोजा

फ्रेंच अभ्यासक जेरार जेनेत यांनी १९७२ साली कादंबरीकार प्रूस्तच्या कादंबरीवर काम करताना काळाचे तीन प्रश्न वेगळे केले : क्रम, कालावधी आणि वारंवारता. घटना कोणत्या क्रमाने सांगितली, तिला किती वेळ दिला, आणि किती वेळा सांगितली.

क्रमासाठी वहीच्या नव्या पानावर गोष्टीतल्या घटना काळाप्रमाणे लिहा आणि शेजारी प्रसंगांचे क्रमांक टाका. क्रमांक उलटेपालटे झाले की तिथे खूण करा. 'सैराट'मध्ये ते जवळजवळ सरळ येतात आणि मुलं हिरमुसतात, "यात तर काहीच नाही सर." यात काहीच नाही हीसुद्धा नोंद आहे. चित्रपट सरळ रेषेत चालतो म्हणून आपण मागे वळून बघत नाही, आणि दिग्दर्शकाला तेच हवंय.

इथे एक गंमत सांगायलाच हवी. आपल्याकडे "तो येऊन राहिला", "ती पाहून राहिली" असं बोलतात, आणि पुण्याकडचे पाहुणे त्यावर हसतात. पण पिक्चरला तीच क्रियापदं शोभतात. पडद्यावर भूतकाळ नसतोच. फ्लॅशबॅकमधला म्हातारा तरुण झालेला दिसला तरी तो आत्ता, डोळ्यांसमोर, पळून राहिला असतो. कादंबरी 'पळाला' म्हणू शकते. कॅमेऱ्याला ती सोय नाही, म्हणून त्याला रंग बदलावा लागतो, पाटी टाकावी लागते किंवा कोणाच्या तरी तोंडून "तेव्हा" म्हणून घ्यावं लागतं. अशी प्रत्येक खूण वहीत टिपा.

'सैराट'चं खरं घबाड कालावधीत आहे. पाच वेग ओळखायला शिका : उडी (काळ गेला, पडद्यावर काही नाही), सारांश (महिने दोन मिनिटांत), प्रसंग (घडायला लागला तेवढाच वेळ), ताण (घडायला लागला त्याहून जास्त) आणि थांबा (गोष्ट उभी, कॅमेरा फिरतोय). जेनेत यांच्या यादीत चारच होते. ताण सेमूर चॅटमन यांनी चित्रपटाचा विचार करताना जोडला, कारण स्लो मोशन कादंबरीत नसतं. आता प्रत्येक प्रसंगापुढे वेग लिहा. पूर्वार्धात ताण भरपूर दिसेल. चारही गाणी तिथेच आहेत, विहिरीवर, शेतात, पोरं धावतायत तीही स्लो मोशनमध्ये. हैदराबादच्या उत्तरार्धात गाणं एकही नाही. तिथे प्रसंग आहेत, झोपडपट्टीतली खोली, डोशाची गाडी, बाटल्यांच्या कारखान्यातलं काम, भांडण. मग लग्नाची नोंदणी होते, एक लांब उडी येते, आणि मूल चालायला लागलेलं असतं.

म्हणजे प्रेमात असतानाचा काळ चित्रपटाने ताणला, जगण्याचा काळ घड्याळाप्रमाणे चालवला, आणि सुखाचा काळ उडी मारून ओलांडला. दोघं सुखात होती ती वर्षं आपल्याला मिळालीच नाहीत. हे वाक्य आमच्यातल्या एका मुलीने मिनिटं मांडता मांडता म्हटलं, आणि त्या दिवशीचं भांडण तिथेच थांबलं.

वारंवारतेवर फार रेंगाळू नका. एकच घटना पुन्हा पुन्हा सांगणारे चित्रपट कमी. कुरोसावांचा 'राशोमोन' (१९५०) हे ठळक उदाहरण, एक खून आणि त्याच्या एकमेकींशी न जुळणाऱ्या हकिकती. तुमच्या चित्रपटात असं नसेल तर एक ओळ लिहा आणि पुढे चला.

चौथी पायरी : कोणाला काय ठाऊक

मला विचाराल तर बाकी सगळ्या पायऱ्या ओलांडून कोणी एवढी एकच केली तरी चालेल. चित्रपटाचे अभ्यासक डेव्हिड बोर्डवेल यांनी १९८५ साली मांडलेला विचार साध्या भाषेत असा : चित्रपट आपल्याला माहिती पुरवतो आणि रोखतोही. ती किती जणांपुरती पसरलेली आहे, एखाद्याच्या मनात किती खोल शिरते, आणि हातचं किती राखून ठेवते, हे विचारत जा.

सहाव्या रकान्यापुढे आम्ही तीन खुणा वापरतो. प्रेक्षकाला पात्रापेक्षा जास्त माहीत असेल तर >, सारखंच असेल तर =, कमी असेल तर <. पहिल्या खुणेतून धाकधूक येते, दुसरीतून सोबत, तिसरीतून धक्का. ढोबळ आहे, पण कामाला पुरतं.

आता 'सैराट'चा शेवट घ्या. अर्चीचं आईशी फोनवर बोलणं झालंय. प्रिन्स आणि त्याच्यासोबतची माणसं भेटवस्तू घेऊन दारात येतात. ती चहा ठेवते. मूल शेजारणीसोबत बाहेर गेलंय. खूण काय लावाल? आमच्याकडे निम्म्यांनी > लावली, "आपल्याला कळतं ना, की हे मारायला आले." पण वही उघडा. प्रिन्सचा हात किती पटकन उठतो ते अर्चीला आपल्याइतकंच माहीत आहे. खोटी केस, मारेकऱ्यांचा पाठलाग, सगळं तिच्या अंगावरून गेलंय. माहिती सारखीच आहे, फरक विश्वासाचा आहे. तिने त्या फोनवर विश्वास ठेवला, कारण तिला ठेवायचा होता. म्हणून खूण =, आणि समासात लिहायचं, 'माहीत आहे, मानत नाही'. असे प्रसंग सापडले की वहीवर पेन दाबून लिहा. पुढचा लेख त्यांच्यातूनच निघतो.

मग कॅमेरा घर सोडून मुलाकडे जातो. काय झालं ते आपण मुलासोबत, मुलाच्या पावलांनी आत जाऊन बघतो, आणि आवाज नाहीसा होतो. मे महिन्यात आम्ही हा भाग पाहत होतो, कूलर घरघरत होता. कोणीतरी उठून स्पीकरची पिन हलवायला गेलं, दुसऱ्याने कूलर बंद केला. तेव्हा कुठे खोलीतल्यांना कळलं की स्पीकरला काहीच झालेलं नाही. मुलाला दृश्य दिसतंय, अर्थ लागत नाही. आपल्याला अर्थ लागतो आणि आधाराला एक आवाजही मिळत नाही.

हे दिग्दर्शकाने निवडलं, आपोआप घडलं नाही, हे पडताळायची सोयही आहे. याच गोष्टीवर बेतलेला हिंदी 'धडक' २०१८ साली आला. त्यात नवरा आणि मूल मरतात, बायको जिवंत राहते. गोष्टीच्या पातळीवर फरक एवढाच, कोण मेलं. मांडणीत सगळं फिरतं, कारण साक्षीदार बदलला. 'धडक'चा शेवट जिला सगळं समजतं तिच्यापाशी थांबतो, 'सैराट'चा ज्याला काहीच समजत नाही त्याच्यापाशी. एकाच गोष्टीचे दोन चित्रपट मिळाले तर त्यांचे शेवटचे दहा प्रसंग शेजारी शेजारी मांडून बघा. कथनमीमांसेची दहा पुस्तकं वाचून जे कळत नाही ते त्या दोन पानांत दिसतं.

पाचवी पायरी : काढून बघा

रोलां बार्थ यांनी १९६६ साली घटनांचे दोन प्रकार केले. काही घटना कण्यासारख्या, त्या काढल्या की गोष्ट कोसळते. काही भरणीच्या, त्या काढल्या तरी गोष्ट चालते. प्रत्येक प्रसंगावर बोट ठेवून विचारा, हा काढला तर पुढचं घडेल का?

पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीचं नाटक रात्रभर पाहिलेल्या माणसाला हे शिकवावं लागत नाही. दिवाळीनंतर वडसा, गडचिरोली, ब्रह्मपुरीकडे रात्री उशिरा पडदा उघडतो आणि पहाटेपर्यंत चालतो. मधे गाणी येतात, लावणी येते, विनोदी पात्रांचा धिंगाणा येतो. गोष्ट तसूभर सरकत नाही, आणि त्यासाठीच गावोगावहून माणूस थंडीत येऊन बसतो. भरणीला कमी लेखू नका एवढंच सांगायचंय.

सरांना मारलेली थप्पड काढून बघा. अर्ची-परश्याचं प्रेम जमतं, पळून जाणं होतं, शेवटही होतो. कारणांच्या साखळीत त्या थप्पडेची कडी नाही. पण ती नसेल तर शेवट कुठून तरी येऊन आदळल्यासारखा वाटेल. त्या एका प्रसंगात चित्रपटाने सांगून ठेवलंय की या गावात या घरातला हात उठतो आणि त्याचं काहीच होत नाही. भरणीच्या प्रसंगांपुढे म्हणून दुसरा प्रश्न विचारायचा : हा काढला तर पुढचं पटेल का?

सहावी पायरी : आता साच्यांची पेटी

इथपर्यंत आलात तर साचे तुमचं काही बिघडवू शकत नाहीत. तोदोरोव्ह यांचा समतोलाचा साचा (घडी बसलेली, विस्कटलेली, विस्कटल्याची जाणीव, सावरण्याची धडपड, नवी घडी) पाच मिनिटांत लावून होतो. जास्त मजा दुसऱ्या दोघांत आहे.

पहिला आपल्या घरचा. नाट्यशास्त्रात कार्याच्या पाच अवस्था सांगितल्या आहेत : आरंभ, यत्न, प्राप्त्याशा (मिळेल अशी आशा), नियताप्ति (मिळणार हे नक्की) आणि फलागम (फळ हाती येणं). नायक फळासाठी झटतो आणि शेवटी त्याला ते मिळतं. 'सैराट'मध्ये फलागम कुठे? संसार हे फळ मानलं तर तो शेवटाच्या आधीच होऊन गेला, आणि मग फळ हिसकावलं गेलं. साचा बसला नाही. आता कार्य बदलून बघा. घराण्याची 'अब्रू' हे फळ आणि प्रिन्स त्याचा धनी असं धरलं, तर पाचही अवस्था बिनबोभाट बसतात, फलागमासकट. अंगावर काटा येतो. उत्तरार्धभर एक दुसरी गोष्ट चालू होती आणि तिची तयारी आपल्याला दाखवलीच नाही. गावाची झलक मधून दिसते, प्रिन्स मनात काय ठरवतोय ते नाही.

दुसरा व्लादिमीर प्रॉप यांचा. शंभर रशियन परीकथा तपासून त्यांनी १९२८ साली ३१ कार्यं (इथे अर्थ वेगळा, गोष्ट पुढे नेणाऱ्या ठरावीक कृती) आणि सात भूमिका काढल्या : खलनायक, दाता, मदतनीस, राजकन्या (बापासकट), पाठवणारा, नायक आणि तोतया नायक. प्रॉपने हे परीकथांसाठी केलं होतं, सिनेमासाठी नाही. त्यामुळे ते जसंच्या तसं लावणं म्हणजे दुसऱ्याच्या मापाचा सदरा घालणं. पण कुठे घट्ट आणि कुठे ढगळ होतो ते बघायला सदरा बरा.

हा आम्ही 'झुंड'ला (२०२२) लावून पाहिला. नागपुरात झोपडपट्टीतल्या मुलांच्या फुटबॉलसाठी 'स्लम सॉकर' सुरू करणाऱ्या विजय बारसे यांच्या कामावरून सुचलेला, इथेच चित्रित झालेला मंजुळ्यांचाच चित्रपट. (सूचना : आपल्या गावात शूट झालेला पिक्चर एकदा जास्त बघावा लागतो. पहिल्या वेळी सगळा वेळ "अबे, हे तर आपल्या इथलं" यात जातो.) तक्ता एका मुलीने भरायला घेतला. अमिताभ बच्चन यांनी केलेले बोराडे सर दाता, पाठवणारा आणि मदतनीस अशा तीन घरांत बसले. नायकाच्या घरात तिने वस्तीतल्या मुलांपैकी 'डॉन' लिहिलं, मग खोडून 'सगळेच' लिहिलं. खलनायकाच्या घरात संभ्या. तो भांडखोर आहे, डॉनला त्रास देतो, घर त्याचंच वाटतं. पण वही सांगत होती की उत्तरार्धात मुलांची वाट संभ्या अडवतच नाही. वाट अडवतात कागद. स्पर्धेला परदेशी जायचं तर पासपोर्टसाठी लागणारे पुरावे, मोनिकाच्या बापाचे ओळखीच्या कागदांसाठीचे हेलपाटे. आणि वस्ती व शाळेचं मैदान यांच्यामधली भिंत. तिने संभ्याला खोडलं, 'पासपोर्ट' लिहून पुढे प्रश्नचिन्ह टाकलं, मग तेही खोडलं.

"सर, रकाना रिकामा राहून राहिला."

राहू दे म्हटलं. उत्तरार्ध रेंगाळतो अशी तक्रार या चित्रपटाबद्दल मी बऱ्याच जणांकडून ऐकली, आणि तिचं कारण त्या रिकाम्या घरात आहे. शत्रूला चेहरा असेल तर त्याला हरवता येतं आणि गोष्ट वेग घेते. कार्यालयाच्या खिडकीला चेहरा नसतो, माणूस रांगेत उभा राहतो, आणि गोष्टही त्याच्यासोबत रांगेत उभी राहते. हा दोष की रचना, यावर आमचं अजून एकमत नाही. मला ती रचना वाटते, पण ती वीसेक मिनिटांनी आवरती घेता आली असती असंही वाटतं.

साचा लावायचा तो अशा जागेसाठी. जिथे बसतो तिथे एक ओळ, जिथे उसवतो तिथे दोन पानं.

सातवी पायरी : लिहा

सगळी वही लेखात ओतू नका. एकच दावा निवडा, त्याच्या बाजूने तीन-चार प्रसंग घ्या, आणि विरोधात जाणारा एक तरी प्रसंग स्वतःहून मांडा. दावा कच्चा की पक्का, ते ओळखायची खूण अशी : तो वाक्यात घेऊन चित्रपटाचं नाव बदललं आणि तरीही तो खरा राहिला, तर कच्चा. 'सैराटची रचना प्रेक्षकाला खिळवून ठेवते' हे कोणत्याही पिक्चरला चिकटेल. 'सैराट प्रेमाचा काळ ताणतो आणि सुखाचा काळ उडी मारून ओलांडतो' हे सहजासहजी दुसऱ्याला लागत नाही. मिनिटं, प्रसंगाचे क्रमांक लेखात ठेवा, सिद्धांतकारांची नावं एकदाच घ्या. दीड हजार शब्द पुष्कळ होतात.

लेख झाला की मागच्या कव्हरातला तो दहा ओळींचा कागद काढा आणि प्रसंगवहीशी ताडून बघा. तुम्ही काय विसरलात, काय पुढे-मागे केलंत, काय पदरचं घातलंत. आमच्या गटातल्या सात कागदांपैकी चारांत अर्ची-परश्याच्या खुनाचं वर्णन होतं. एकाने तर प्रिन्सच्या हातातला चाकू लिहिला होता, तो कोणत्या हातात होता तेही. वहीत तो प्रसंग शोधायला त्याने तीनदा पानं चाळली. शेवटी पिक्चर पुन्हा लावला, चहा ठेवण्यापासून ते मूल रक्ताची पावलं उमटवत जातं तिथपर्यंत, आणि कूलर बंद करून आम्ही सगळ्यांनी तो चाकू शोधला.